उजव्या हाताची तालीम

आमच्या घरात डावखुऱ्या दोघीच, आत्या आणि मी. आत्या वडिलांची थोरली बहीण. लग्नाला वर्ष व्हायच्या आत 'हिचं डोकं फिरलंय' म्हणून सासरच्यांनी तिला धाराशिवला आणून सोडलं होतं. ती फारशी बोलायची नाही. मागच्या खोलीत वाती वळत बसायची. त्यामुळं डावा हात आणि वेड यांचं नातं आमच्याकडं पक्कं ठरलेलं. मी डाव्या हातानं काही उचललं की आई आधी माझ्याकडं बघायची आणि मग मागच्या खोलीकडं. मीही वेणी घालताना आरशात न्याहाळून घ्यायचे, माझं कुठवर आलंय म्हणून. भीती वाटायची, खरंच वाटायची.

भूमहून मला बघायला पाहुणे येणार असं ठरलं, तेव्हा आईनं माझा डावा हात पातळाच्या पदरानं कमरेला बांधला आणि उजव्याची तालीम सुरू केली. मी वाढलेलं वरण भातावर पडायच्या आधी वडिलांच्या धोतराला भेटून यायचं. वडील कोर्टात कारकून. धोतर आवरून मुकाट जेवायचे.

पाहुणे आले. आत्याला मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घातली होती. पोहे मी कसेबसे निभावले. मग मुलाची आई म्हणाली, "पोरी, जरा सुपारी कातर बघू."

अडकित्त्याची तालीम आम्ही घेतलीच नव्हती! डावा हात मी मांडीखाली दाबला. तो आपोआप बाहेर यायला लागला की त्याच्यावर डोळे वटारायचे. धीर यावा म्हणून मनातल्या मनात 'उजवा, उजवा' म्हणत होते. निदान मला तरी ते मनातल्या मनात वाटत होतं. सुपारी उडाली ती थेट मुलाच्या वडिलांच्या टोपीवर. मुलगा शाळेत मास्तर होता, त्यानं जमिनीवरची नजर तेवढ्यापुरती वर केली.

चार दिवसांनी स्थळ आणणारे गृहस्थ निरोप घेऊन आले. "पोरगी लई चांगली हाय म्हनले. पन आपल्याच हातावर डोळे वटारती, सोताशीच बोलती. डोक्याचं कुणाला तरी दाखवून घ्या म्हनले."

मी डावखुरी आहे हे मात्र त्यांच्यातल्या एकालाही कळलं नव्हतं. इतकी आमची तालीम पक्की! ते गृहस्थ गेले आणि मला हसू आवरेना. आईनं कपाळाला हात लावला. माझ्या हसण्यानं तिची उरलीसुरली शंकाही फिटली असावी.

तेवढ्यात आत्या दारात येऊन उभी राहिली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"पोरी, सासरी मलाही उजव्यानंच वाढायला लावायचे," ती म्हणाली. "मीही अशीच पुटपुटायचे."

माझं हसू तिथंच थांबलं. आम्हा सगळ्यांचा, माझ्यासकट, मला भयंकर राग आला. आईनं आत्याला हाताला धरून आपल्याशेजारी बसवलं. मग, लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच, तिनं विचारलं, "वन्सं, तिथं नेमकं झालं तरी काय होतं?"