दोन गुडघ्यांमधलं हँडल

माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, यंत्राला नावं ठेवलेली अजिबात खपत नसत. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते लेथवर टर्नर होते. जॉबवर, म्हणजे कातायच्या तुकड्यावर, अंगठा फिरवून किती जास्त राहिलंय ते सांगायचे, आणि मायक्रोमीटर लावला की आकडा तोच निघायचा. आईची भाकरी करपली आणि तिनं स्टोव्हला दोष दिला, की हे म्हणणारच, "स्टोव्हला काय बोलतीस? हात बघ." नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आमच्या घरात दिवसातून दोनदा तरी व्हायची. मला तिचा वीट आला होता.

दादा, माझा थोरला भाऊ, लढाऊ विमानाचा पायलट झाला तेव्हा अण्णांनी कारखान्यात पेढे वाटले. वर सांगितलं, "आमच्या हाताचा गुण हाय."

दादा सुटीवर आला की जेवताना दोघांची जुंपायची. दादा म्हणायचा, आता आकाशात समोरासमोर गाठ क्वचितच पडते. शत्रू डोळ्यांना दिसायच्या आधी रडारला दिसतो, आणि ज्याचं रडार लांबचं बघतं त्यानं निम्मी लढाई जमिनीवरच जिंकलेली असते.

"मग तुला कशाला बसवलंय त्याच्यात? शोभेला?"

"अण्णा, तुमच्याकडं सीएनसी मशीन आलंय ना? तसंच हाय हे."

हे वर्मावर बोट होतं. ते कॉम्प्युटरवर आपोआप कातणारं मशीन आल्यापासून अण्णांच्या अंगठ्याला कुणी विचारत नव्हतं. "आलंय. अन् अडलं की मलाच हाका मारत्यात," ते म्हणाले.

दादा हसला. "ते बी खरंच. दोन्हीकडं सारखीच विमानं असली, तर शेवटी हातच जिंकतो."

शेवटच्या सुटीत आईनं विचारलं, "अन् वरच बंद पडलं तर रं?" दादानं तिला पाटावर बसवलं आणि दोन गुडघ्यांमध्ये लाटणं धरायला लावलं. "इथं हँडल असतंय. ओढलं की खुर्चीसकट बाहेर, वर छत्री. विमान गेलं खड्ड्यात."

"मग लगीच ओढ बाबा. थांबू नको."

अण्णा हात धूत होते. तिथूनच म्हणाले, "मशीन टाकून पळणारा कसला कारागीर?"

दादानं आईच्या हातातलं लाटणं घेतलं आणि आत ठेवून आला.

चार महिन्यांनी तो गेला. लढाईत नाही, सरावात. त्याचा वरिष्ठ अधिकारी घरी आला आणि टोपी मांडीवर ठेवून हिंदीत सांगू लागला. इंजिन बंद पडलं, खाली मोकळी रानं होती, हा शेवटपर्यंत ते चालू करायचा प्रयत्न करत राहिला. बिचारा कौतुकानंच सांगत होता. आईनं एवढंच विचारलं, "अन् हँडल?" मी ते हिंदीत विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "खींचा था, माँजी. देर हो गई थी."

आईनं त्यावरून अण्णांना कधी बोल लावला नाही. मी मात्र लावला, मनातल्या मनात, वर्षानुवर्षं. दादा का थांबला ते कुणालाच ठाऊक नाही. त्याच्या शिकलेल्या डोक्याला वाटलं असेल, होईल चालू. पण मला अण्णांचं हात धुताना बोललेलं ते एकच वाक्य ऐकू यायचं, आणि अण्णा समोर आले की मी उठून जायचे. तेही "हात बघ" म्हणेनासे झाले. करपलेली भाकरी मुकाट्यानं खायचे.

पुढं मी एक जुनी मोटार घेतली. एकदा अण्णांना घेऊन पाचोडला मामाकडे निघाले, तर शिवाजीनगरच्या फाटकात, ऐन रुळांवर, मोटार बंद पडली. फाटक उघडं होतं, रेल्वेचा पत्ता नव्हता, बाजूनं स्कूटरवाले निवांत जात होते. मी किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली.

"थांबा अण्णा, होईल चालू."

त्यांनी माझं मनगट धरलं. "सोड."

"अहो होतीय, एकदा बघते..."

"सोड माय! सोड ती!"

ते उतरले, माझ्या बाजूला आले आणि दंडाला धरून मला ओढत रुळांच्या पलीकडं घेऊन गेले. माझी एक चप्पल आतच राहिली. मागचे हॉर्न वाजवत होते. शेवटी चार जणांनी मोटार ढकलून बाजूला काढली. मला आधी लाजच वाटली, आणि राग आला.

मग त्यांच्याकडं बघितलं. माझा दंड ते सोडत नव्हते, त्यांचा तो अंगठा दंडात रुतला होता, आणि ते रडत होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, दादाला आणलं तेव्हासुद्धा नाही.

"सोडून यायचं असतंय, माय," भर रस्त्यात ते म्हणत होते. "मशीन गेलं तर जाऊ द्यायचं असतंय. म्या चुकीचं सांगितलं व्हतं त्याला."

"आले ना मी, अण्णा," मी म्हणाले. "आले बघा."