रुगायाची रविवारची खिडकी

“ते दुकानच आहे, मा. कायद्याच्या भाषेत त्याला दुकानच म्हणतात,” इगसान तिसऱ्यांदा म्हणाला.

“मग तुझ्या कायद्याला सांग, रविवारी सकाळी वाडगा घेऊन माझ्या खिडकीशी उभा राहू नकोस म्हणावं.” रुगायाने कढई गॅसवर आदळली. “दुकानाला पाटी असते, शटर असतं. माझ्याकडे काय आहे? एक खिडकी आणि हे दोन हात.”

“आणि खिडकीखाली पन्नास माणसांची रांग.”

“ती रांग तुला कधीपासून खुपायला लागली? तिच्यावरच शिकलास तू.”

“मला नाही खुपत, महापालिकेला खुपतेय! नोटीस आलीय, मा. तिच्यावर वेलचीचा डबा ठेवलास म्हणून ती नाहीशी होत नाही.”

शनिवारची दुपार होती. डोंगरावरची बाराची तोफ होऊन तासभर झाला होता. मोठ्या पातेल्यात मैद्याचं पीठ फुगून फडक्याला टेकलं होतं. मी कोपऱ्यात स्टुलावर बसून वाळलेल्या संत्र्याच्या साली कुटत होते. रुगायाच्या तीन घरं खाली मी राहते, आणि शनिवारी साली कुटायचं काम माझं. मायलेकांच्या भांडणात उठून जाणं बरं दिसलं असतं, पण रुगायाने “बस तू” म्हणून डोळे वटारले होते. तिला साक्षीदार लागतो.

रुगाया याच घरात जन्मली, मागच्या खोलीत. बाप शिंपी. आमच्या बो-काप वस्तीतल्या निम्म्या नवरदेवांचे कोट त्याने शिवले. लग्न झाल्यावर नवराच, तोयेर, इथे राहायला आला, कारण त्याला घर उरलं नव्हतं. शहराच्या पलीकडच्या अंगाला तोयेरच्या आईचं घर होतं. सरकारने एका नकाशावर रंग भरले, या कातडीची माणसं इथे, त्या कातडीची तिथे, आणि एका सकाळी बुलडोझर आला. तोयेरची आई दूर वाळवंटी सपाटीवरच्या दोन खोल्यांत मेली. ती मरेपर्यंत बसने येऊन आपल्या रिकाम्या जागेकडे बघून परत जायची. आमची गल्ली त्याच नकाशात आमच्या वाट्याला आली म्हणून वाचली. रुगायाला त्याची कृतज्ञता कधी वाटली नाही. “चोराने एक भांडं ठेवलं म्हणून त्याला सलाम करू?” असं ती म्हणायची.

एकोणीस वर्षं तिने कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवल्या. बाहेरून स्वस्त माल आला, कारखाना बंद पडला. तोयेर गिलाव्याचं काम करायचा, त्याची छाती चुन्याने भरली होती. तेव्हा तिने एका रविवारी आईची कढई काढली आणि पुढच्या खोलीच्या खिडकीत कुसिस्टरचं पातेलं ठेवलं. बडीशेप, सुंठ, दालचिनी आणि संत्र्याची साल घातलेले लांबट गोळे. शनिवारी तळायचे, रविवारी सकाळी उकळत्या पाकात सोडायचे, वरून खोबरं. या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. लोक पायजम्यावर, डोक्यावर टोपी घालून, घरचा झाकणाचा वाडगा घेऊन येतात. वाडगा घरचाच आणायचा. पैसे खिडकीच्या कट्ट्यावरच्या डब्यात स्वतःच्या हाताने टाकायचे. ती हातात घेत नाही, मोजतही नाही.

म्हणून तर ती चूक झाली.

दोन वर्षांपूर्वी महापालिकेने आमचा भाग वारसा म्हणून जाहीर केला. घरं पाडायची नाहीत, उंची वाढवायची नाही, राहत्या गल्लीत व्यापार आणायचा असेल तर आधी परवानगी. रुगायाने तो नकाशा मशिदीच्या फलकावरून मागून आणला आणि फ्रिजवर चिकटवला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला सरकारचा एक नकाशा आवडला होता. मग गल्लीच्या तोंडाशी असलेलं मसाल्याचं जुनं गोदाम आणि त्याला लागून असलेली तीन घरं एका हॉटेलवाल्याने घेतली. पाच मजले, गच्चीवर दारू, आणि ती गच्ची नेमकी मिनाराच्या समोर. रुगाया घरोघर फिरली. हरकतीचा अर्ज तिने सांगितला, मी लिहिला. “ही गल्ली राहण्याची आहे. इथे आजवर कुणी धंदा मांडला नाही आणि आम्ही कुणाला मांडू देणार नाही.” खाली एक्केचाळीस सह्या, पहिली तिची. एक्केचाळीस माणसांपैकी एकालाही ते वाक्य वाचून हसू आलं नाही. बो-कापात कुसिस्टर विकणं म्हणजे धंदा असं कुणाच्या मनातच येत नाही. ते लिहिताना माझ्याही आलं नाही.

हॉटेलच्या वकिलीणबाईंच्या मनात मात्र आलं. तीन आठवड्यांपूर्वी रांगेत एक गोरटेला माणूस उभा राहिला. हातात वाडगा नाही. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. रुगायाने त्याला कागदी बशीत डझनभर दिले. त्याने तिथेच ओट्यावर बसून दोन खाल्ले, बोटं चाटली आणि “फार छान” म्हणाला. सोमवारी महापालिकेची नोटीस आली, त्याच्याच सहीची. राहत्या घरात परवानगीशिवाय व्यापार. बंद करा, नाहीतर दंड. सोबत वकिलीणबाईंच्या तक्रारीची प्रत, तिच्यात आमचं वाक्य जसंच्या तसं, आणि त्याच्याखाली रांगेचा एक फोटो.

“बेशरम,” रुगाया तेव्हा म्हणाली होती, “दोन खाऊन गेला.”

“मा, अजून वेळ गेलेली नाही,” इगसान आता आवाज खाली आणून म्हणत होता. “सरळ परवानगी घ्यायची. रीतसर. मग कुणाच्या बापाला घाबरायला नको.”

“मी कुणाच्या बापाला घाबरते? तुझ्या बापाला घाबरले नाही.”

कोपऱ्यात नवाल, तिची सून, बटाटे कुस्करत होती. ती हसली नाही, हे माझ्या लक्षात आलं. एरवी असल्या बोलण्यावर ती सगळ्यात आधी हसते.

एवढ्यात मागच्या दाराने मिमूना आली. शेजारचं घर तिचं, दोन्ही घरांना पुढून एकच ओटा. चार वर्षांपासून तिने ते घर पाहुण्यांना भाड्याने दिलंय. दाराला आकड्यांचं कुलूप लटकतं, आणि ती स्वतः मागच्या खोलीत राहते. रुगाया तिच्याशी ईदच्या दिवशी बोलते. बाकीचे दिवस ओट्याचा आपला अर्धा भाग धुते आणि पाणी तिच्या अर्ध्याकडे लोटते.

“सलाम, रुगाया. भांडताय का? मी नंतर येते.”

“ये, ये. तुझ्या खोलीत आवाज पोचला म्हणूनच आलीस ना? बोल.”

मिमूना बसली नाही. “मी आपली निरोप्या आहे हं. त्या वकीलबाई काल पाहुण्यांना सोडायला आल्या होत्या. म्हणाल्या, आँटी रुगायांना सांगा, आमचं त्यांच्याशी वैर नाही. त्यांनी हरकतीवरचं नाव काढून घेतलं की आम्ही तक्रार काढून घेऊ.”

“आणि नाही घेतलं तर?”

“तर म्हणे, मुलाचा अर्ज चालू आहेच, तो पुढे जाऊ द्या. त्याला आमचा विरोध नाही. उलट मदतच करू.”

कढईतलं तेल तापायला लागलं होतं. माझा मुसळीवरचा हात थांबला.

“कुठला अर्ज?” रुगाया म्हणाली.

मिमूनाने इगसानकडे पाहिलं, मग दाराकडे. “मला वाटलं तुला ठाऊक आहे.”

“तुला काय वाटलं ते मी विचारलं नाही. तुझ्या माडीवरून फोटो काढून त्या बाईला दिलास तेव्हा काय वाटलं तेही विचारणार नाही.”

“माझ्या माडीवरून?” मिमूना आता भडकली. “माझ्या नावावर गल्लीतलं सगळं पाप टाकायची सवयच झालीय तुला. कुठाय तो फोटो? आण.”

रुगायाने वेलचीचा डबा उचलला, नोटिशीचे कागद काढले, फोटो तिच्यापुढे टेबलावर आपटला. मिमूनाने त्यावर बोट ठेवलं.

“चष्मा लाव आणि बघ. माझ्या माडीवरून तुझी खिडकी दिसते का तरी? मध्ये नळाचा पाइप आहे. हा पडदा कुणाचा? ही दोरी कुणाची?”

रुगायाने चष्मा लावला. फोटो वरून काढलेला होता. खाली रांग, वाडगे, टोप्या, खिडकीतून बाहेर आलेला तिचा स्वतःचा हात. आणि कोपऱ्यात, अगदी जवळ, दोरीवर वाळत घातलेलं शाळेचं निळं स्वेटर. त्याच्या कोपराला लाल ठिगळ. नातीच्या स्वेटरला ते ठिगळ रुगायानेच लावलं होतं, लाल यासाठी की निळी लोकर संपली होती. नात त्यावरून दोन दिवस रडली होती.

वरच्या खोलीत इगसान आणि नवाल राहतात.

“फोटो मी काढला,” नवाल म्हणाली. तिने कुस्करणं थांबवलं नव्हतं. “पण त्यांच्यासाठी नाही, मा. आमच्या अर्जासाठी. इतकी वर्षं इथे लोक येतात हे दाखवायला. ती फाइल कुणीही मागून बघू शकतं, हे आम्हाला कुठे माहीत होतं?”

“आमच्या अर्जासाठी,” रुगाया म्हणाली. “घर माझ्या नावावर. अर्ज तुमचा कसा?”

नवालने नवऱ्याकडे पाहिलं.

“इगसान. मी तुझ्याशी बोलतेय.”

“घरपट्टीत ज्येष्ठांना सूट मिळते, त्याचे कागद आणले होते ना मी? रमजानात?” तो फ्रिजवरच्या नकाशाकडे बघत होता. “त्यातच होता. तू चष्मा लावला नव्हतास. मी सांगणार होतो.”

“रोजाच्या दिवशी.”

“मा, तू साठ पार केलीस. तुझे गुडघे गेले. तू किती वर्षं पहाटे उठून पाक करणार आहेस? पुढच्या खोलीत चार टेबलं टाकली, एक कॉफीचं यंत्र, तर आठवडाभर चाललं असतं. नवालने नोकरी सोडली असती. तुझंच नाव लावणार होतो.”

“पुढच्या खोलीत.” रुगायाने चष्मा काढला. “ज्या खोलीत तुझ्या बापाला न्हाऊ घालून ठेवलं, तिथे त्या पर्यटकांनी पाय पसरून कॉफी प्यायची. आणि वर माझं नाव.”

“भावनेवर घर चालत नाही!”

“माझ्या घरातून निघून बोल हे. इथे सव्वीस वर्षं चाललंय.”

मिमूना दाराशी गेली होती. रुगायाने तिला हाक मारली. “थांब. निरोप घेऊन आलीस तर तो पुरा समजून जा. ती बाई याला मदत का करणार आहे?”

“मला काय माहीत? चांगली आहे स्वभावाने.”

“स्वभावाने!” रुगाया पहिल्यांदाच हसली, आणि ते हसू चांगलं नव्हतं. “एकदा या गल्लीत चार टेबलांना परवानगी मिळाली, की तिच्या चाळीस टेबलांना नाही कोण म्हणणार? ती बुधवारी हॉटेलवरच्या हरकतीच्या सुनावणीला उभी राहणार आणि माझ्या मुलाचा कागद दाखवणार. बघा, ही गल्ली राहण्याची कुठे उरली? आणि मी नाव काढलं तर मग प्रश्नच मिटला. दोन्हीकडून तिचंच.” ती इगसानकडे वळली. “तू तिच्या हॉटेलचा पाया खणलास. तोही माझ्या सहीने. तुझ्या आजीचं घर पाडायला निदान परके लोक आले होते.”

“आजीला मध्ये आणू नकोस!” इगसानने टेबलावर मूठ मारली. साली उडून जमिनीवर पसरल्या. “तुला खिडकी हवी, गल्ली हवी, नकाशा हवा, सगळं हवं. नियम दुसऱ्यांना लावायचा आणि स्वतःला नाही. वकीलबाई खोटं काय बोलली? तूच लिहून दिलंस, कुणी धंदा मांडला नाही म्हणून!”

माझी मान खाली गेली. लिहिलं मी होतं.

रुगाया गप्प झाली. ती गप्प झाली की आम्हाला सगळ्यांनाच भीती वाटते, कारण बडबडीत ती विरघळते आणि गप्प झाली की ठरवते. तिने फ्रिजवरचा नकाशा पाहिला. मग फोटो. तेलातून धूर यायला लागला तशी तिने गॅस बारीक केला. पिठावरचं फडकं उचलून बोटाने दाबलं. पीठ हळूच वर आलं.

“हे बरोबर बोललास,” ती म्हणाली. “एवढं एकच बरोबर बोललास.”

“मा, म्हणजे...”

“मध्ये बोलू नकोस. नवाल, तूही ऐक. मिमूना, तू ऐक आणि जाऊन सांग, नाहीतरी सांगणारच आहेस.” तिने हात एप्रनला पुसले. “हे पीठ तळून होईल. उद्या बाकीच्या चाळीस घरी झाकलेली ताटं जातील, ज्यांनी सही केली त्यांच्याकडे. डबा कट्ट्यावर राहणार नाही. उद्यापासून या घरातून कुसिस्टर विकला जाणार नाही. सोमवारी सुतार येऊन खिडकी आतून खिळ्यांनी बंद करेल. बुधवारी मी नोटीस घेऊन सुनावणीला जाणार. सांगणार, माझ्याकडून चूक झाली, दंड लावा, मी भरते. आणि मला लावलेला नियम आता त्यांना लावा. नाव काढणार नाही. इगसान, सोमवारी सकाळी तो अर्ज तू स्वतः जाऊन मागे घेशील आणि त्याची पावती माझ्या हातात देशील. नाही आणलीस, तर महिनाअखेर तुम्ही दोघांनी दुसरीकडे खोली बघायची. नात माझ्याकडे राहील.”