टाकीचं झाकण

डिंभ्याच्या धरणात पाणी चढलं आणि पलीकडच्या काठावरची वस्ती पलीकडेच राहिली. जुना रस्ता पाण्याखाली गेला. आता घोडेगावच्या बाजाराला यायचं तर डोंगराला वळसा घालून अर्धा दिवस तंगडतोड करायची, नाहीतर धर्माजीच्या नावेत बसायचं. तिसरा मार्ग नव्हता.

धर्माजी मूळचा नावाडी नव्हे. विहिरीवरची ऑईल इंजिनं दुरुस्त करण्यात त्याची उमर गेली. जमीन पाण्यात गेली तसा तो मुंबईला धक्क्यावर गेला आणि नावेच्या शेपटाला लावायचं एक जुनं इंजिन पोत्यात बांधून एस्टीच्या टपावरून घेऊन आला. त्याचा मूळ रंग कोणता, यावर वस्तीत पैजा लागल्या. त्याची बायको सारजाबाई म्हणाली, हे चालू होईल त्या दिवशी मी पुरणपोळी करीन. तिला पुरणपोळी करावी लागली.

पण इंजिन लहरी होतं. पावसाळ्यात पेट्रोलमध्ये पाणी उतरायचं, उन्हाळ्यात कार्बोरेटरच्या वाटीत गाळ बसायचा. धर्माजी पेट्रोल सुटायची बारीक तोटी, म्हणजे जेट, काढायचा, तोंडाने फुंकायचा, उजेडाकडे धरून भोक बघायचा. आत तार घालायचा नाही. भोक मोठं झालं की इंजिन पेट्रोल ढोसतं, म्हणायचा. पेट्रोल तो फडक्यातून गाळून घ्यायचा आणि त्यात ऑईल अगदी मापात घालायचा. रॉकेलचा थेंब त्याने कधी टाकीत पडू दिला नाही. लोक जीव आपल्या हवाली करून बसतात, हे त्याच्या डोक्यात पक्कं होतं.

अठ्ठ्याण्णव सालच्या खंडेनवमीला इंजिनाची पूजा होती. दर वर्षी सारजाबाई करायची, पण त्या दिवशी ती बाजूला बसलेली. म्हणून गेणभाऊची बायको साळुबाई हिला बोलावलं. वस्तीतली ती मोठी सवाशीण, हाताला यश असलेली. तिने इंजिन पुसलं, झेंडू वाहिला आणि पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावर, बरोबर मधोमध, हळदकुंकू कालवून चांगला जाड टिळा लावला, वर चार तांदूळ चिकटवले. टाकीचं कपाळ तेच, असं तिला वाटलं असणार. कुणालाही वाटलं असतं. दसऱ्याला नाव बंद होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी भात कापताना साळुबाईचा थोरला मुलगा सोपान याला घोणस चावली. चार जणांनी त्याला उचलून नावेत ठेवलं. साळुबाईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. इंजिन पहिल्याच दोरीला सुरू झालं, आणि पाण्याच्या मध्यावर गेल्यावर घरघर करून गप्प झालं.

धर्माजीने नळी सोडली, कार्बोरेटर खोलला, जेट फुंकला, परत लावला. इंजिन चाललं. थोडं पुढे जाऊन पुन्हा बंद. पुन्हा तेच केलं, पुन्हा चाललं, पुन्हा थांबलं. मग वल्ही मारली. समोरून वारा होता. घोडेगावच्या दवाखान्यात पोचले तेव्हा डॉक्टरांनी नाडी बघितली आणि एवढंच विचारलं की इतका उशीर का केलात.

सोपानचं सगळं आटोपल्यावर धर्माजीने इंजिन उघडून फडक्यावर मांडलं. कार्बोरेटर लख्ख. गाळ नाही, पाणी नाही. त्याने नाव काठाजवळच फिरवली, इंजिन बंद पडेपर्यंत. मग त्याचं लक्ष नळीतल्या रबरी फुग्याकडे गेलं. पेट्रोल चढवायला तो फुगा दाबायचा असतो. तो चपटा होऊन आत ओढला गेला होता. त्याने टाकीचं झाकण सैल केलं. सूं करून हवा आत गेली, फुगा फुगला, इंजिन चालू झालं.

झाकणाच्या मधोमध हवेसाठी सुईएवढं भोक असतं. त्यात वाळलेलं कुंकू घट्ट बसलं होतं. हवा आत जाईना म्हणून पेट्रोल बाहेर येईना. नळी सोडली की त्या वाटेने टाकीत हवा शिरायची आणि इंजिन थोडा वेळ चालायचं, त्यामुळे धर्माजी कार्बोरेटरलाच चिकटून बसला. चपटा फुगा त्याने त्या दिवशीही पाहिला होता. पाहिला, पण मनात शिरला नाही.

त्याने हे फक्त सारजाबाईला सांगितलं. तोवर वस्तीत उठलं होतं की धर्माजीने पेट्रोलमध्ये रॉकेल घातलं, चार पैशांसाठी पोरगा मारला. पाणवठ्यावर बायका सारजाबाईला बघून गप्प व्हायच्या. तिने नवऱ्याला विनवलं की एकदा खरं सांगून टाका.

"कुनाला सांगू?" धर्माजी म्हणाला. "साळूवैनीला? की तुमच्याच हातानं गेला म्हून?"

तिने पुन्हा विषय काढला नाही. लोक नावेत बसत राहिले, कारण दुसरा इलाज नव्हता. पण बसताना आधी टाकीचा वास घ्यायचे आणि मग पाय ठेवायचे. ज्या माणसाने उभ्या जन्मात भेसळ केली नाही त्याच्या तोंडासमोर हे चालायचं, आणि तो दोरी ओढायचा. माणसं अशी वागतात तेव्हा मला त्यांचा राग येतो, पण त्यांना तरी कुठे ठाऊक होतं. गेणभाऊ वाटेत भेटला तर मान फिरवायचा. साळुबाई तर नावेत पाऊलच ठेवत नव्हती. बाजारही ती डोंगराच्या वाटेने करायची.

काही वर्षं गेली. गेणभाऊ वारला. एका बाजारच्या दिवशी साळुबाई घोडेगावच्या बाजूला काठावर उभी दिसली, गुडघ्यांनी जवाब दिलेला. नावेत दुसरं कुणी नव्हतं. ती मुकाट्याने बसली. मध्यावर, नेमक्या त्या जागी, ती म्हणाली,

"भावजी, एक इचारते. खरं सांगा. त्या साली पूजा मी केली व्हती. माझंच काय चुकलं आसंल, म्हून देवानं पोर नेलं, आसं मला रोज वाटतं. लोक म्हंत्यात तुमी रॉकेल घातलं. घातलं व्हतं का?"

धर्माजीने इंजिन हळू केलं. एवढी वर्षं तो नुसता गप्प राहिला होता. स्वतःच्या तोंडाने खोटं कधी बोलला नव्हता. तिच्याकडे बघायचं त्याला धाडस झालं नाही.

"व्हय वैनी. घातलं व्हतं. तुमची पूजा नीट झाली व्हती."

साळुबाईने पदर तोंडाला लावला आणि ती मोठ्याने रडली; सोपान गेल्यापासून तिला असं रडताना कुणी पाहिलं नव्हतं. रडून झाल्यावर तिने तोंड पुसलं. "मी तुमाला माफ करायची न्हाई," ती म्हणाली. "पर आता मला झोप लागंल."

नाव काठाला लागली. तिचे गुडघे दुखत होते म्हणून धर्माजीने उतरायला हात पुढे केला. तिने तो घेतला नाही.