पिठाचा दोष नव्हता

“आईंच्या हातांत नवीन काही बिघडलेलं नाही. बिघाड मानेत आहे,” वाशीच्या हॉस्पिटलात एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, आणि मला आधी आठवला तो आमच्या घणसोली गावातला गिरणीवाला.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. पंधरा वर्षांचा संधिवात, रुमटॉइड आर्थ्रायटिस. बोटं वाकडी झाली तरी तांदळाची भाकरी थापायची ती त्यांनीच. तीन महिन्यांपासून ती हातातच फाटायला लागली. आम्ही पिठाला दोष दिला. दोनदा गिरणी बदलली, जुना तांदूळ मिसळतोस म्हणून मी त्या बिचाऱ्याशी तावातावाने भांडलेही. आईंच्या बोटांना पीठच कळेनासं झालंय, हे आम्हा शहाण्यांच्या डोक्यात आलं नाही. चप्पल पायातून निसटली तरी त्यांना पत्ता नसायचा. मान खाली घातली की पाठीतून करंट जातो म्हणायच्या. आम्ही म्हणायचो, अशक्तपणा.

आजाराचं नाव अटलांटो-अ‍ॅक्सिअल सबलक्सेशन. संधिवाताने मानेच्या वरच्या दोन मणक्यांना धरून ठेवणारे बंध सैल होतात, मणका सरकतो आणि आतला मज्जारज्जू दाबला जातो. मग मेंदू आणि हातापाय यांच्यातले निरोप नीट पोचत नाहीत.

“ऑपरेशन नाही केलं तर चालणंही जाईल. केलं तर आहे ते वाचवता येईल. गेलेलं किती परत येईल, सांगू शकत नाही.”

त्याच आठवड्यात मी तेल लावून त्यांची मान चोळली होती, इकडेतिकडे वळवलीही होती. ते सांगितल्यावर डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. “पुन्हा नको,” एवढंच म्हणाले. मी बाहेर येऊन रडले. गळ्यात कडक कॉलर घातलेल्या आई बाकावर बसल्या होत्या; रडतच त्यांना मान चोळल्याचं सांगितलं.

“रडतेस कनाला गो? तुझ्या हातान मना बरा वाटला व्हता.”

त्याने मला आणखीच रडू आलं.

स्क्रू आणि सळ्या घालून मणके जोडले. पाच तास मी आणि माझे मिस्टर वेटिंग रूममध्ये बसून होतो, चहा तसाच गार झाला. तिसऱ्या दिवशी वॉकर धरून आई सहा पावलं चालल्या. बोटं अजून बधीर आहेत. ब्लाउजची हुकं मी लावते आणि त्या चुका काढतात.

घरात जुना संधिवात असेल, हातातून वस्तू पडायला लागल्या, तोल जायला लागला, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका. मान दाखवा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती कुणाला चोळू-मोडूही देऊ नका.

आईंची मान आता फारशी वळत नाही. पूर्वी मी हाक मारली की माझ्याकडे न बघताच “हूं” म्हणायच्या. आता वॉकर उचलत, पावलापावलाने अख्ख्या वळतात आणि विचारतात, “काय गो?”

कधी कधी काहीच काम नसतं. त्यांना चालताना बघायचं असतं, म्हणून मी हाक मारते.