दामूच्या मानेतली स्प्रिंग

दामू गेल्याचा फोन धुळ्याहून आला तेव्हा मी रडलो नाही. वर्षभर त्यानं मला फसवलं, हे तीनच दिवसांपूर्वी कळलं होतं... तो राग आज दीड महिन्यानंतरही उतरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

जळगावात दामूची केळीची वखार. मालक असूनही घड स्वतः खांद्यावर वाहायचा. एकदा अचानक त्याचा हात लुळा पडला आणि तासाभरात परत चालू झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, मानेतली रक्ताची नळी अरुंद झालीय, आत जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवता येईल. तेव्हा हे नवंच निघालं होतं. त्यात दोन प्रकार. एक फुग्यानं फुगवून बसवायचा. तो घट्ट बसतो, पण बाहेरून दाब आला तर चेपतो आणि चेपलेलाच राहतो. दुसरा आपोआप उघडणारा; दाबला तरी पुन्हा फुलतो. डॉक्टरांचा कलही दुसऱ्याकडेच होता. मी पिंप्राळ्यातला घड्याळजी, जन्म स्प्रिंगांत गेलेला. तारेच्या दोन जाळ्या विणून त्याच्यासमोर चेपून दाखवल्या. "तू घड उचलणारा माणूस. तुला स्प्रिंगवालीच," मी म्हणालो.

"तू म्हनशी तेच," दामू म्हणाला.

मुंबईला मी सोबत जाणार होतो, पण त्यानं जावयाला नेलं. परतला तो हसतच. "बसाडी दिनी. तुनीच, स्प्रिंगवाली!" त्यानंतर रोज मेहरूणच्या तलावावर फिरताना मी त्याच्या जबड्याखाली बोट ठेवून ठोके बघायचो आणि "एकदम टायमात" असा निकाल द्यायचो. तो शहाण्यासारखा मान पुढे करायचा. मी तर गिऱ्हाइकांनाही ही गोष्ट रंगवून सांगायचो.

मग धुळ्याला लेकीकडे गेला असताना त्याचं अर्धं अंग गेलं, वाचा गेली. मी पहिली एसटी पकडली. दवाखान्यात डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे उजेडात धरला. केसाएवढी तार शोधायची मला सवय, पण तिथे एकही तार नव्हती. "यांना स्टेंट बसवलेलाच नाही," डॉक्टर म्हणाले. जावयानं खाली बघितलं. म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मी सोडून! खाटेपाशी जाऊन विचारलं, "दामू, कुठाय रे?" त्यानं डोळे मिटून घेतले.

परवा वहिनींना विचारलंच. "भाऊ, त्यास्ले टेबलवरच भेव वाटनं, उठी उनात," त्या म्हणाल्या. म्हणजे ऑपरेशनच्या टेबलावरूनच घाबरून उठून आला होता. "मले म्हनेत, तो इतला खुश शे, त्याले कसं सांगू?"

माझ्या खुशीसाठी म्हणे! अरे, घाबरलो म्हणाला असतास तर मी काय हसलो असतो?

एक गोष्ट मात्र वहिनींनाही सांगितलेली नाही. दिवाळीच्या सुमारास वखारीत गाडी उतरत होती. भलामोठा घड खांद्यावर घेताना दामू थबकला, मानेला हात लावला. मी ओरडलो, "उचल बिनधास्त! मी सांगतोय ना!" त्यानं माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं... आणि घड उचलला.

तेव्हा तरी सांगायचं होतंस, दामू.