सोन्याच्या खाणीतली झडती

परळला जुन्या मिलच्या जागेवर जो मॉल उभा राहिलाय, तिथे दागिन्यांच्या एका पेढीने प्रदर्शन भरवलं होतं. कर्नाटकातल्या एका सोन्याच्या खाणीचा इतिहास, प्रवेश मोफत. माझे वडील त्याच खाणीत राबले, पार ती बंद पडेपर्यंत. "माकां बघूचा हा," म्हणाले. शर्टाला इस्त्री करून घेतली.

आजोबा मिलमध्ये कापूस खाऊन खोकत मेले, म्हणून बाबा तिकडे गेले आणि दगडाची धूळ खाऊन खोकत परत आले. आई आणि मी लालबागच्या चाळीतच राहिलो. बाबा गणपतीला आले की अख्खा मजला चेष्टा करायचा, "एखादो खडो तरी खिशात घालून घेवन ये रे!" बाबा नुसते हसायचे. मी मात्र आतून पेटायचे, कारण आईने मला सांगितलं होतं. कामाची पाळी संपली की खाणीच्या फाटकावर रोज झडती. हात वर, पायाचे तळवे दाखव, तोंड उघड, जीभ उचल. फाटकावरचा माणूस 'जा' म्हणेपर्यंत तोंड मिटायचं नाही.

प्रदर्शनात काय नव्हतं? गोऱ्या साहेबांचे बंगले, त्यांचा क्लब, त्यांची कुत्रीसुद्धा. काचेत सोन्याची वीट. पण खाली खाणीत भट्टीसारख्या उकाड्यात दगड फोडणाऱ्यांचा एक फोटो नाही. बाबा प्रत्येक फोटोला नाक लावून बघत होते. शेवटच्या भिंतीपाशी एवढंच म्हणाले, "ह्यात आमी खंय?"

तिथल्या मुलीला मी जाब विचारला. ती गोड हसली. "मॅम, थीम हेरिटेज आहे ना." माझं डोकंच फिरलं. साहेबाच्या कुत्र्याला जागा आहे आणि माझ्या बापाला नाही, हे मी तिला सगळ्यांदेखत सुनावलं. ती हसतच राहिली.

बाहेर पडताना दारावरचा वॉचमन म्हणाला, "बाबा, जरा हात वर करा."

बाबांनी हात वर केले. मग चपला काढून एकेक तळवा दाखवला. मग तोंड उघडलं आणि जीभ उचलली.

"अहो, तोंड कशाला?" वॉचमन गोंधळला. मागची रांग हसायला लागली. बाबा तसेच उभे, बोळकं उघडं टाकून. कुणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटत होती, पण कुणाच्या? समोर तर दिवसभर उभा राहून पाय सुजलेला तो वॉचमन.

शेवटी मीच म्हटलं, "जा, बाबा."

तेव्हा कुठे त्यांनी तोंड मिटलं.