अगदी तोच फोन

ठाकठोककाकांचे कान कामाने खाल्ले. पत्र्याच्या कारखान्यात उभं आयुष्य हातोडा चालवला. निवृत्तीच्या दिवशी साहेबांचं भाषण संपलं, ते काकांना टाळ्यांचे हात हलताना बघून कळलं. त्याचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. "लोक एका कानाने ऐकतात आणि दुसऱ्याने सोडून देतात. मी मधला खटाटोप वाचवला," असं ते म्हणत. बायकोला हा विनोद पाठ होता आणि अजिबात आवडत नव्हता.

आता घराच्या पुढच्या खोलीत ते बादल्या आणि नरसाळी बनवत, समोरच्याचे ओठ वाचून गप्पाही हाणत. फोन शर्टाच्या खिशात, छातीवर. मुलगी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. तिचा फोन आला की खिशात अशी काही थरथर व्हायची की काका हातोडा टाकून खिशात हात घालायचे आणि मग व्हिडिओवर तिचे ओठ वाचत बसायचे. "तिचा फोन आलाय हे तुझ्याआधी मला कळतं," असं बायकोला ऐकवायचे. त्या बाबतीत तिला बोलायला जागा नव्हती.

एकदा नव्या बादलीची गळती बघायला पाणी भरून काका वाकले आणि खिशातला फोन बुडाला तो बुडालाच. जावई भला माणूस. मुलीचा नववा महिना चालू, धावपळीला अंत नाही, तरी दुसऱ्याच दिवशी नवा फोन घेऊन हजर. तीच कंपनी, तेच मॉडेल, तोच निळा रंग. "बाबा, अगदी तोच," काकांना ओठ वाचता यावेत म्हणून तो सावकाश म्हणाला.

नाव तेच ठेवून माणूस आतून बदलला तर आपण त्याला काय काय बोलतो! फोन तसा बदलला तर खोक्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत एखादा आकडा बदलतो, आणि तो वाचायला भिंग लागतं.

मुलीचे फोन चुकायला लागले. नंतर कधीतरी स्क्रीनवर तिचं नाव दिसायचं. छातीला मात्र काही कळलेलंच नसायचं. फोनची शंका काकांना शिवली नाही, तो अगदी तोच होता ना! मग बदललं काय? बदललो मी. कानही असेच गेले होते, हळूहळू, न सांगता. आता अंग बधिर व्हायला लागलं, आज छाती, उद्या हात. मन चिंती ते वैरी न चिंती. ते गुपचूप बोटाला टाचणी टोचून बघत. टोचायचं, पण पूर्वीइतकं टोचतंय का, हे सांगणार कोण? जन्मभर पत्र्याने तासलेली ती बोटं. बायकोला मात्र त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

आणि नेमकी तेव्हाच नात झाली. सगळ्यांनी आळीपाळीने तिला मांडीवर घेतलं. काकांनी हात मागे बांधले. "हात काळे आहेत," म्हणाले. हात धुऊन झाल्यावर सर्दी आठवली, पुढच्या खेपेला कंबर. ज्या हातांचा भरवसा नाही त्यांत ते एवढंसं पोर घ्यायची त्यांची छाती होत नव्हती. निसटलं तर? पाळण्याच्या दांडीला धरून ते नुसते बघत उभे राहायचे आणि जीव तीळ तीळ तुटायचा.

मुलीने हे पाहिलं. एकदा मान खाली घालून ती काहीतरी बोलली, ओठ दिसू नयेत अशी. घरी आल्यावर बायकोने ते त्यांच्या समोर उभं राहून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "ती विचारत होती, बाबा माझा फोन घेत नाहीत, पोरीला घेत नाहीत, मुलगी झाली म्हणून का? अहो, आपल्याला मुलगी झाली तेव्हा गल्लीभर मिरवलीत. आता काय धाड भरली?"

काका पुढच्या खोलीत जाऊन हातोडा चालवत बसले.

दुसऱ्या दिवशी नवा फोन चार्ज होईना. भोकात पत्र्याचा कीस अडकला होता. काका नाक्यावरच्या मोबाईलवालीकडे गेले. सुटे भाग तरी तिच्या उपयोगी पडतील म्हणून मेलेला जुनाही नेला. तिने दोन्ही फोन उघडून शेजारी शेजारी ठेवले आणि तोंड वर केलं.

"काका, हा मागाहून आलेला माल. नाव तेच, पोट वेगळं. यात बॅटरी मोठी केलीय, म्हणून मोटर बारकी टाकलीय."

"कसली मोटर?"

"थरथरायची."

तिने जुन्या फोनची वाटाण्याएवढी मोटर काढली, पुसली, तिच्या तारा बॅटरीला टेकवल्या आणि ती काकांच्या तळहातावर ठेवली. बंद मुठीत भुंगा सापडावा तशी ती घुमली. पार कोपरापर्यंत कळलं. मग कीस काढून, झाकण लावून नवा फोन तिने आपल्या एप्रनच्या खिशात टाकला आणि त्यावर फोन लावला. खिशात उजेड पडला.

"काही कळत नाही बाई," ती म्हणाली.

"तुलापण नाही?"

"मलापण नाही."

"पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावला आणि मान हलवली. काकांचा जीव भांड्यात पडला. म्हातारा हसतोय की रडतोय हे तिला समजेना. काका उठलेच. फोन तिच्याच खिशात राहिलेला. "अहो काका, फोन!" ती मागून ओरडली. आता काकांच्या मागून ओरडून काय उपयोग?

मुलीने दार उघडलं. काका सरळ नळापाशी गेले, कोपरापर्यंत हात धुतले, पुसले आणि पुढे केले. "आण तिला."

मुलगी बघतच राहिली.

"मला वाटलं, कानांसारखे हातही चालले," ते म्हणाले. "पाडीन म्हणून घेत नव्हतो गं. फोनच वेगळा होता."

"आणि हे सांगायचं नाही? किती रडले मी, बाबा!" तिने त्यांच्या दंडावर दोन चापट्या मारल्या, तशीच रडत पाळण्याकडे गेली आणि झोपलेलं बाळ त्यांच्या छातीवर आडवं ठेवलं. काका खुर्चीत बसले.

"हिला उचकी लागलीय," काका म्हणाले.

मुलीने कान दिला. तिला काहीच ऐकू आलं नाही. मग तिने जवळ येऊन बाळाच्या पाठीवर हात ठेवला. लागली होती.